दार अडवणं

इंग्रजीत माणसाला बाहेर घालवायला क्रियापदं हवी तेवढी आहेत. ‘एक्स्पेल’च्या लॅटिन मुळात हाकणं आहे, ‘इजेक्ट’च्या मुळात फेकणं. ‘बॅनिश’मध्ये जाहीर फर्मान आहे, दवंडी पिटली की माणूस मुलखाबाहेर. ‘इव्हिक्ट’ हे मुळात जिंकण्याचं क्रियापद, कज्जा जिंकून समोरच्याचा ताबा काढून घेणं. या सगळ्यांत जोर आहे आणि बाहेर जाणारा माणूस जाताना दिसतो. ‘आउस्ट’ची कुळकथा मात्र चमत्कारिक आहे. लॅटिनमधलं ‘ऑब्स्तारे’ म्हणजे समोर उभं राहणं, आड येणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘ओस्तेर’ झालं आणि अर्थ काढून घेण्याकडे सरकला. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या न्यायालयांत जी वकिली फ्रेंच रुजली, तिच्यातून पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हे क्रियापद इंग्रजीत आलं, तेही जमिनीच्या भांडणांतून : दुसऱ्याला त्याच्या कब्जातून दूर करणं. आज वर्तमानपत्रांत पंतप्रधान आउस्ट होतात, कंपन्यांचे संचालक आउस्ट होतात. पण शब्दाचं मूळ गाव शेताच्या बांधावर आहे.

म्हणजे या शब्दाच्या पोटात ढकलणं कमी आणि वाटेत उभं राहणं जास्त आहे. एखाद्याला बाहेर काढायला त्याला हलवावंच लागतं असं नाही. तो आपल्या पायांनी, पोटासाठी, लग्न होऊन किंवा देवाच्या आज्ञेने बाहेर गेलेला असतो. त्याच्या पाठीमागे दारात कुणी उभं राहिलं की काम झालं. या लेखाचा दावा एवढाच आहे की बाहेर काढण्याचा खरा घाव परतीची वाट अडवण्यात असतो, आणि अडवणं उघड असेल तोवर त्याच्याशी भांडता येतं, गुपचूप झालं की भांडायलाही जागा राहत नाही. हे तपासून पाहायला सिंधुदुर्गासारखा दुसरा जिल्हा मिळणं कठीण. इथल्या जवळजवळ प्रत्येक वाडीतली माणसं पिढ्यान् पिढ्या बाहेर आहेत, आणि तरीही ती बाहेरची झालेली नाहीत.

मालवण, देवगड किंवा वेंगुर्ले तालुक्यातल्या एखाद्या जुन्या घरवाडीचा सात-बारा समोर घ्यावा. क्षेत्र पाच-सात गुंठ्यांचं. त्यात मूळ घर, खळं, मागे परडं, चार माड, एक विहीर. कब्जेदारांच्या रकान्यात मात्र नावांची रांग. पणजोबांच्या काळी तिथे एकच नाव असतं, बहुधा थोरल्याचं, आणि त्याच्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पुढे वारसनोंदी होत जातात, फेरफारांचे आकडे वाढत जातात, हिस्से आणे-पैंत उतरतात, आणि ज्याने ते माड कधी पाहिलेही नाहीत अशा पणतवाच्या नावावर दोन पै चढतात. काही नावं मयत, पण कमी न झालेली. काहींचे पत्ते परळ-लालबागचे, त्यांच्या मुलांचे डोंबिवली-नालासोपाऱ्याचे. जागा तेवढीच आणि माणसं वाढत गेलेली. हा कागद वाचायचा कसा हे ठाऊक असेल तर त्यात एका घराण्याचा सगळा इतिहास सापडतो, आणि ठाऊक नसेल तर फक्त डोकेदुखी.

या नावांना कुणी हाकललं नव्हतं. पावसाळी एका पिकावर सगळ्या भावांचं भागत नसे, म्हणून एक-दोघे मुंबईला गिरणीत, गोदीत, पोलिसात, खानावळीत लागले. ते चाकरमानी. त्यांच्या मनीऑर्डरीवर मूळ घराची कौलं परतली गेली, बहिणींची लग्नं झाली, चतुर्थीचा खर्च निघाला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ज्यांचं मुंबईतलं बस्तान मोडलं, त्यांच्यातल्या काहींना मूळ घरातली एखादी खोली हाच आधार उरला. मुंबईतल्या खोलीला भाडे नियंत्रणाचं संरक्षण होतं, आधी 1947 च्या कायद्याचं आणि पुढे 1999 च्या. पण त्या संरक्षणातही एक खोच आहे : सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरात नसेल, तर मालक ती रिकामी करून मागू शकतो. चाळीतली खोली सहा महिन्यांत धोक्यात येते आणि गावच्या सामायिक घरात साठ वर्षं न फिरकलेल्याचा हिस्सा शाबूत राहतो. एकाच माणसाला हे दोन्ही नियम एकाच वेळी लागू होतात. यात कायद्याचा विसंगतपणा शोधण्याची घाई करू नये. भाडेकरूचा हक्क वापरावर उभा असतो, हिस्सेदाराचा नात्यावर. वापर थांबतो. नातं आपोआप थांबत नाही, ते कुणीतरी नाकारावं लागतं.

हे नाकारणं म्हणजेच कायद्याच्या भाषेतलं ‘आउस्टर’. सामायिक मालमत्तेच्या दाव्यांत हा शब्द अजून रोज वापरात आहे. एखादा हिस्सेदार म्हणतो, मी बारा वर्षांहून अधिक काळ एकटाच वहिवाट करतोय, दुसऱ्याचा हक्क संपला. परक्याच्या बाबतीत हे चालून जाईल. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे बारा वर्षांचा प्रतिकूल कब्जा मूळ मालकाचा दावा बुडवू शकतो. हिस्सेदाराच्या बाबतीत न्यायालय आधी विचारतं : दुसऱ्याला तू नाही म्हणालास केव्हा? सिलोनमधल्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, 1912 च्या निकालपत्रांत तो छापला आहे, हे तत्त्व ठाम केलं की एका सहमालकाचा कब्जा हा कायद्याच्या दृष्टीने सगळ्या सहमालकांचा कब्जा असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी रेड्डी खटल्यात तेच धरलं, आणि 1995 च्या विद्या देवी खटल्यात आउस्टर सिद्ध करायला काय लागतं ते सांगितलं : हक्क नाकारल्याची जाहीर भूमिका, अखंड आणि दीर्घ कब्जा, आणि एकट्याची मालकी दुसऱ्या हिस्सेदाराला कळेल अशी उघडपणे गाजवणं. अर्थात कायदा भोळा नाही. फारच काळ लोटला आणि सगळी परिस्थिती तसंच सांगत असेल, तर आउस्टर झाल्याचं अनुमान काढता येतं. पण नुसती गैरहजेरी पुरत नाही, नुसते शेतसाऱ्याचे दाखले पुरत नाहीत.

ही अट मला कायद्यातल्या सगळ्यात माणुसकीच्या अटींपैकी एक वाटते. गावी राहिलेला भाऊ घर सांभाळतो तेव्हा तो स्वतःसाठीही सांभाळतो आणि मुंबईच्या भावासाठीही, असं कायदा धरून चालतो. तो नात्याला चांगल्या हेतूचा फायदा देतो. काळ मोजायला सुरुवात होते ती त्या दिवशी, ज्या दिवशी चतुर्थीला आलेल्या पुतण्याला खळ्यातच ऐकवलं जातं : ‘‘तुझो हय काय संबंध?’’ त्या वाक्याने पुतण्या बाहेर गेला असं नाही, तो आधीच तीस वर्षं बाहेर होता. त्या वाक्याने तो बाहेरचा झाला. आणि तेच वाक्य त्याला दावा लावण्याचं कारणही देतं. न्यायालय बोलणाऱ्याकडून एक किंमत वसूल करतं : दुसऱ्याचं घर घ्यायचं असेल तर त्याच्या तोंडावर सांग, म्हणजे त्याला बारा वर्षं लढायला मिळतील.

शब्दाची कुंडली मांडून युक्तिवाद करू नये, असा आक्षेप इथे कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. मुळातला अर्थ हाच खरा अर्थ, ही समजूत चुकीची आहे. ‘ओस्तेर’चंच उदाहरण घ्या : आजच्या फ्रेंचमध्ये त्याचा वारस शब्द डोक्यावरची टोपी काढायलाही वापरतात, तिथे कुणी कुणाची वाट अडवत नाही. लॅटिन मुळावरून मालवणच्या जमिनीचा न्याय ठरवता येणार नाही. माझा युक्तिवाद न्यायाधीशांनी घातलेल्या अटींवर उभा आहे, आणि ज्यांनी त्या घातल्या ते लॅटिन व्युत्पत्ती उघडून बसले नव्हते. त्यांच्यासमोर भावाभावांच्या तक्रारी होत्या. त्या निवाडताना, जाणं आणि घालवलं जाणं यांत फरक करावाच लागला, आणि तो फरक शोधता शोधता ते दारात उभ्या असलेल्या माणसापाशी पोचले. शब्दाने फक्त तिकडे बोट दाखवलं.

जाणं म्हणजे घालवलं जाणं नव्हे, याचा याहून मोठा दाखला मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात आहे. दर तीन-चार वर्षांनी श्री देव रामेश्वराच्या कौलाने तिथे गावपळण होते. सगळा गाव, गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसह, घरं बंद करून वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री झोपड्या घालून राहतो. कुठल्याही जातीधर्माचं घर मागे राहत नाही. चौथ्या दिवशी परत कौल घेतात. देवाने होकार दिला की माणसं घरी येतात, नाही दिला तर मुक्काम वाढतो. चिंदर, वायंगणी या शेजारच्या गावांत आणि वैभववाडी तालुक्यातल्या शिराळ्यातही गावपळण आहे. ती का सुरू झाली याच्या अनेक कथा सांगतात, भुताखेतांपासून गावच्या शुद्धीपर्यंत. मला त्या कथांपेक्षा पळणीची घडण महत्त्वाची वाटते. जातात ते सगळे जातात, श्रीमंताची माडी आणि गरिबाचं खोपटं एकाच वेळी बंद होतं, मुदत आधीपासून माहीत असते, आणि परतण्याचा विधी जाण्याच्या विधीइतकाच ठरलेला असतो. अख्खा गाव ओस पडतो आणि एकही माणूस बेघर होत नाही.

श्रद्धेच्या अंगाने गावपळणीवर टीका करता येते, आजारी आणि म्हाताऱ्यांना होणाऱ्या त्रासाचा प्रश्नही खरा आहे. शिवाय कुणाला जायचं नसेल तर त्याला किती मोकळीक असते, हेही विचारलं पाहिजे. मी प्रथेची वकिली करत नाही. पण बाहेर घालवण्याच्या ज्या व्यवस्था माणसांनी काढल्या, त्यांच्या रांगेत ती ठेवून पाहावी. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापराच्या तुकड्यांवर नाव लिहून एखाद्या पुढाऱ्याला दहा वर्षं शहराबाहेर पाठवत. ‘ऑस्ट्रसाइझ’ हे क्रियापद त्या खापरावरून आलं. त्यात आरोप लागत नसे, सुनावणी नसे, तरी मुदत होती आणि घरदार, जमीन त्याचीच राहत असे. आपल्याकडे 1951 च्या पोलीस कायद्याखाली तडीपारी होते, तिची कमाल मुदत दोन वर्षं, आधी नोटीस आणि नंतर अपील. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली दीपक डोंगरे प्रकरणात तडीपारी हा असाधारण उपाय असल्याचं बजावलं. या तिन्हींत एक धागा आहे : परतायची तारीख. तारीख असेपर्यंत बाहेर असलेला माणूस आतलाच धरला जातो.

आता सगळ्यात जड आक्षेप. गावी जो राहिला त्याने काय पाप केलं? पावसाआधी कौलं तो शिवारतो, वानरांपासून कलमं तो राखतो, म्हातारीला डॉक्टरकडे तो नेतो, देवाला रोज दिवा तो लावतो. मुंबईचा चुलतभाऊ मे महिन्यात आंबे खायला येतो, आणि महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेली किंवा किनाऱ्यावर कुणी हॉटेलसाठी भाव विचारला, की मोबदल्याच्या वेळी आणे-पैंचा हिशेब घेऊन हजर होतो. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यापासून कातळालाही किंमत आली आहे. कुळ कायद्याने ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व मान्य केलं आणि 1 एप्रिल 1957 ला कुळं मालक मानली गेली. मग कसणाऱ्या भावालाच वेगळा न्याय का?

हा आक्षेप भावनेचा म्हणून झटकण्यासारखा नाही. पण कुळ कायद्याने काय केलं ते नीट पाहावं. मालक आणि कूळ हे नातं खंडाचं होतं, कष्ट एकाचे आणि उत्पन्न दुसऱ्याचं. कायद्याने ते नातं मोडलं ते विधिमंडळात चर्चा करून, राजपत्रात छापून, तारीख ठरवून, किंमत ठरवून, दोन्ही बाजूंना नोटीस काढून. ज्याची जमीन गेली त्याला ती जाताना दिसत होती. हिस्सेदाराला गुपचूप वगळण्यात यातलं काहीच नसतं. गावी राहिलेल्या भावाचे कष्ट खरे असतील तर त्यांचा हिशेब व्हावा : दुरुस्तीचा खर्च, सारा, राखण, म्हातारपणीची सेवा, या सगळ्याची भर त्याच्या वाट्यात पडावी. वाटपाच्या वेळी असा समतोल साधायला न्यायालयांना मोकळीक असते. केलेल्या कामाचा मोबदला मागणं वेगळं आणि दुसऱ्याचा जन्मच नोंदीतून पुसणं वेगळं. पहिल्यात भाऊ भावाकडे येणं मागतो. दुसऱ्यात भाऊ असल्याचंच नाकारतो.

शिवाय चाळीस नावांच्या सात-बाऱ्याने कुणाचंच भलं होत नाही, हे कबूल केलंच पाहिजे. त्यावर कर्ज मिळत नाही, घर बांधायला संमत्या गोळा करताना वर्षं जातात, कलमं लावायची कुणाच्या भरवशावर हे ठरत नाही. किती तरी मूळ घरं वांध्यात पडून कोसळली, ती हिस्सेदार कमी होते म्हणून नव्हे. यावर औषध वाटप हेच. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडून शेतजमिनीचं वाटप होतं, नसतील तर दिवाणी दावा. मधे 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी येते, कारण कोकणातले कुणगे मुळातच तुकडे आहेत. त्यातून वाट काढणं कटकटीचं आहे. म्हणूनच सोपा मार्ग मोह घालतो : नावं आपोआप गळू द्यावीत.

आणि पहिली गळतात ती बहिणींची. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी पहिल्या वर्गाची वारस झाली, महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून तिला जन्मतः सहदायाद केलं, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने उरलीसुरली शंका मिटवली. कागदावर मात्र तिचा प्रवास वेगळा. वर्षानुवर्षं मुलींची आणि विधवांची नावं कब्जेदारांच्या रकान्यात न घेता ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकली जात. जिथे बँकेचा बोजा लिहितात, त्याच रकान्यात बहीण. यात कुणी तिला हाकललं नाही, माहेरी चतुर्थीला तिचं स्वागतच होतं. फक्त तिचं नाव ओटीवरून उचलून पडवीत ठेवलं गेलं. त्यानंतर येतं हक्कसोडपत्र.

बहिणी राजीखुशीने सह्या करतात, हुंड्यात-लग्नखर्चात त्यांचा वाटा गेला, त्यांना सासरी आहे, असं सांगतात. काही बहिणींच्या बाबतीत ते खरंही असेल. कायदा कुणाला आपला हक्क सोडायला बंदी करत नाही. पण राजीखुशी ओळखायची एक कसोटी आहे, आणि ती सही करणाऱ्या बहिणीवर लावून चालत नाही. ज्या बहिणीने सही केली नाही, तिला पुढच्या चतुर्थीला बोलावणं गेलं का? तिच्या लेकीच्या लग्नात मामा अक्षतांना उभा राहिला का? राहिला असेल, तर सहीसाठी दार पणाला लागलं नव्हतं असं मानू. राहिला नसेल, तर सह्या केलेल्या सगळ्या बहिणींनी काय पाहून सह्या केल्या ते उघड आहे. हे आउस्टरच, पण असं की जिला अडवलं तिच्याच अंगठ्याने ते नोंदवलेलं. न्यायालयाने भावावर जी उघडपणाची अट घातली, ती इथे चुकवली जाते. नाही म्हणायची पाळीच भावावर येत नाही, कारण बहिणीनेच हो म्हटलेलं असतं. सामायिक जमिनीच्या सगळ्या कज्ज्यांत हा भाग सर्वांत अंधारा आहे, आणि सर्वांत कमी दावे इथून येत असले तर नवल वाटायला नको.

माणसाला जागेवरून न हलवता बाहेर काढण्याचं टोक म्हणजे वाळीत टाकणं. त्याचं घर तिथेच, शेत तिथेच. फक्त गिरणीवाला दळण घेत नाही, दुकानदार माल देत नाही, मयताला खांदा मिळत नाही, आणि जो बोलेल त्याला दंड. मुदत नाही, लेखी कारण नाही, अपील नाही. परतीची वाट माफी आणि दंड भरून, तीही पंचांना वाटेल तेव्हा. मुंबई राज्याने 1949 साली याविरुद्ध कायदा केला, तो 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा प्रमुखांच्या याचिकेवर रद्द केला. कोकणात, विशेषतः रायगड जिल्ह्यात, गावकीने वाळीत टाकल्याच्या तक्रारी गाजल्यावर महाराष्ट्राने 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि तो 2017 च्या जुलैत अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. हा कायदा माणूस कुठे राहतो हे विचारत नाही. पाणवठा, देऊळ, स्मशान, लग्नकार्य, व्यवहार यांतल्या कुठल्या वाटेत कोण उभं राहिलं, एवढंच विचारतो.

मग सगळेच बहिष्कार वाईट का? ‘बॉयकॉट’ हे क्रियापद 1880 साली आयर्लंडमध्ये जन्मलं, आणि ते ज्याच्या नावावरून आलं तो कॅप्टन बॉयकॉट स्वतः कुळांना घराबाहेर काढणारा, जमीनदाराचा कारभारी होता. लोकांनी त्याची कापणी करायचं नाकारलं, दुकानदारांनी माल नाकारला. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार याच जातकुळीचा. दुसरीकडे आंबेडकरांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि 1927 साली ‘बहिष्कृत भारत’, ती ज्यांच्यावर हजारो वर्षं दार बंद होतं त्यांच्यासाठी. शब्द एकच. आयर्लंडच्या कुळांनी आपली भूमिका चौकात सांगितली होती, मागणी सांगितली होती, आणि ज्याच्यावर बहिष्कार घातला तो त्यांना बेघर करण्याची ताकद बाळगून होता. खंड कमी केला की प्रकरण मिटलं असतं. अस्पृश्याला मात्र दार उघडावं म्हणून काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने काही केलंच नव्हतं. अडवणाऱ्याने अट सांगितली आहे का, आणि ती अडवलेल्याच्या हातातली आहे का, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक बहिष्कारांची जात कळते.

परत सात-बाऱ्याकडे. फेरफार मंजूर होण्याआधी चावडीवर नोटीस लावायची, हितसंबंधितांना लेखी कळवायचं, हरकतीसाठी पंधरा दिवस द्यायचे, हे महसूल संहितेच्या कलम 150 मध्ये आहे. आचऱ्याच्या चावडीवरचा कागद डोंबिवलीत दिसत नाही आणि लेखी नोटीस गावच्याच पत्त्यावर, म्हणजे पुष्कळदा दारात उभ्या असलेल्याच्याच हातात पडते. आता सात-बारा मोबाइलवर दिसतो, फेरफाराची स्थितीही दिसते. पंधरा दिवसांना थोडा अर्थ आला आहे. पण नोटीस जाते ती नोंदीतल्या नावाला. वीस वर्षांपूर्वी जे नाव कब्जेदारांत घेतलंच नाही, त्याला नोटीस काढायची कुणी? वारसनोंद करताना मुंबईच्या आणि सासरच्या पत्त्यांसह सगळी नावं घेणं, हक्कसोडपत्र वारसनोंदीनंतर लगेच न घेता काही काळ जाऊ देणं, आणि बहिणीला तिच्या हिश्शाची बाजारभावाने किंमत सांगून मगच सही घेणं, एवढं जरी गावोगाव व्हायला लागलं तरी अडवणं उघड्यावर येईल. काही घरांत त्याने भांडणं वाढतील. ती वाढावीत, आज जी घरं शांत दिसतात त्यांतल्या काहींची शांतता दुसऱ्याच्या गप्प राहण्यावर चालली आहे.

वाटपपत्र करायची वेळ येते तेव्हा जाणते लोक जमिनीचे तुकडे पाडून थांबत नाहीत. विहिरीचं पाणी सामायिक, खळ्यातून जाण्या-येण्याची वाट सामायिक, देवघर सामायिक, चतुर्थी मूळ घरी आणि खर्च पाळीपाळीने, असं त्यात लिहून घेतात. गुंठ्यांच्या हिशेबात या कलमांना काही किंमत नाही, आणि बहुतेक मसुद्यांत ती शेवटच्या पानावर येतात. मसुदा वाचताना ती आधी वाचावीत, आणि त्यांत बहिणींची नावं आहेत का ते पाहावं.